मधाच्या वाईनची वही

फिलो, आज एकतिसावा दिवस. बरणीच्या तोंडावरच्या नळीतून अजून बुडबुडा येतो, साधारण दीड मिनिटाला एक. हायड्रोमीटर १.०३४ दाखवतो असं मला वाटतं. वाटतं असं म्हणते, कारण वाचणारी तू नाहीस. काल आमच्या ह्यांना बसवलं वाचायला. चष्मा लावून, वाकून म्हणाले, "एक पॉइंट शून्य तीस आणि थोडं वर." थोडं म्हणजे किती, विचारलं, तर म्हणाले, "अगं, डोळ्याला दिसतं तेवढं." मी वहीत काही लिहिलं नाही.

तू वाचायचीस आणि मी लिहायचे. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं आकडे नोंदवते आहे. तिथला नियमच असा की वाचणारा आणि लिहिणारा एक माणूस नसावा. लिहिणाऱ्याला कालचा आकडा आठवत असतो, तो आज तोच आकडा बघतो. हे मी तुला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "दोन बायका, एक बरणी, आणि नियम बघ हिचे! बरं बाय. मी वाचते. तू लिही."

आपण दोघी या बाबतीत अगदी नवशिक्या होतो हे कबूल करायला पाहिजे. तुझ्याकडे दर नाताळाला काळ्या द्राक्षांची वाईन होते, आईकडून शिकलेली, त्यात तुझा हात बसलेला. पण मधाची तूही कधी घातली नव्हतीस. मी तर आयुष्यात पन्हं आणि कोकम सरबत याच्या पलीकडे काही केलं नव्हतं. सावंतवाडीकडच्या माझ्या चुलतभावाने मधाच्या पेट्या ठेवल्या आणि यंदा तीन किलो मध पाठवला. ह्यांना साखर, मुलगा बंगळुरूला, मध खाणार कोण? तळाशी साखरेसारखा दाणा बसायला लागला होता. तू दारात उभी राहून बरणी उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "सुलू, याची वाईन होते गो. मीड म्हणतात. नाताळाला उघडू."

मी विचारलं, "कायद्यात बसतं का?"

"विकणार हायस काय तू? जिन्यावर दुकान मांडणार?"

विकणार नव्हते. तरी दोन दिवस मला झोप नीट लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी हायड्रोमीटर मागवला. पाण्यात सोडायचा काचेचा दांडा तो. पाण्यात साखर जास्त असली की वर तरंगतो, यीस्टने साखर खाल्ली की हळूहळू खाली बुडतो. तू त्याला बघून म्हणालीस की हा ताप मोजायचा थर्मामीटर आहे, फक्त जाडा झालाय.

दीड किलो मध, एकूण पाच लिटर होईल इतकं उकळून गार केलेलं पाणी, पाच ग्रॅम यीस्ट. पहिला आकडा १.०९२. मी खोलीचं तापमान जमेस धरून दोन मिळवले आणि १.०९४ लिहिलं. तू म्हणालीस, "यंत्र एक सांगतंय, तू दुसरंच लिहितेस, आणि मला म्हणते अंदाजाने काम करते."

बरणी कुठे ठेवायची यावर आपलं पहिलं भांडण झालं. तू तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर, मध्ये सत्तावन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. तुला ती तुझ्या स्वयंपाकघरात, जिन्याच्या पोटातल्या कोपऱ्यात हवी होती, तुझी वाईन तिथेच होते म्हणून. मी दोन थर्मामीटर आणले. तुझ्या कोपऱ्यात एक, माझ्या आतल्या खोलीत एक. तीन दिवस, दिवसातून तीन वेळा. तुझ्याकडे एकतीस, माझ्याकडे एकोणतीस. उष्णता जास्त झाली की यीस्ट बिघडतं, चव तिखट येते, असं मी वाचलं होतं. कागद तुझ्यापुढे ठेवला. तू कागद उलटा केलास, पाठीमागे काही आहे का बघितलंस आणि म्हणालीस, "दोन डिग्रीने काय मरते काय ती? बरं ने. तू काय ऐकणार नायस."

मी नेली. म्हणून रोज संध्याकाळी सातला तुला वर यावं लागायचं. मी खाली यायचे नाही, बरणी वर होती.

त्या संध्याकाळी आठवतात. तू आत येऊन आधी पंख्याखाली बसायचीस, मग चष्मा पुसायचीस. मी सुरुवातीला मिनिटाला किती बुडबुडे येतात ते घड्याळ लावून मोजायचे. चौथ्या दिवशी बेचाळीस होते. "नाडी बघते काय गो तिची?" असं तू विचारायचीस. तपासायला काढलेली ऐंशी मिलिलिटर परत बरणीत ओतायची नाही हे ठरलं होतं, मग ती तू प्यायचीस आणि मी एक घोट घ्यायचे. आधी नुसतं गोड पाणी, मग सोड्यासारखं टोचणारं, आणि बाराव्या दिवशी एकदम काहीतरी वेगळं, मधाचा वास होता पण मध नव्हता. आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ह्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "तपासणी चाललीय का पार्टी?" मी हिशोब केला की रोज तपासलं तर वीस दिवसांत दीड लिटरच्या वर जाईल. रोज तपासायची गरजच नसते हे मला नंतर कळलं. आठवड्यातून एकदा पुरतं. हे मला आधी माहीत असतं तर, या वाक्याच्या पुढे मी जात नाही.

सोळाव्या दिवसापासून आकडा १.०४० वर थांबला. सतरा, अठरा, एकोणीस, तोच. एकोणिसाव्या दिवशी तू गाउनच्या खिशातून काळ्या मनुकांची पुडी काढलीस.

"मूठभर टाकते. आई टाकायची."

"थांब. आधी बरणी हलवू, तीन दिवस बघू. दोन गोष्टी एकदम केल्या तर कशाने झालं ते कळणार नाही."

"तिला भूक लागलीय गो, सुलू. नुसत्या मधावर ती जगणार कशी? तिला खायला दे, मग तुझं कशाने आणि कशाला बघ."

"एका वेळी एकच बदल, फिलो."

तू पुडी टेबलावर आपटलीस. दोन मनुका बाहेर पडल्या, त्या उचलून तोंडात टाकल्यास. "उद्या येते. पण नंबर नाय वाचणार तुझा," म्हणालीस आणि गेलीस. मी दारापर्यंतही आले नाही. बरणी हलवत बसले होते.

विसाव्या दिवशी सकाळी तुझ्या शेजारच्यांनी माझं दार ठोठावलं. दुपारी इस्पितळात तू गेलीसच. डॉक्टर म्हणाले, हृदय काही आठवडे थकत आलं असणार, फुप्फुसांत पाणी साठत होतं. जिना चढताना त्रास होत असेलच, कोणाच्या लक्षात आलं नाही का?

त्या संध्याकाळी सात वाजता मी सवयीने वही उघडली. काय करतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. वहीत पाच रकाने आहेत, तुला माहीत आहेत, तूच त्यांची चेष्टा करायचीस: दिवस, वेळ, आकडा, तापमान, शेरा. मी रोज फक्त आकडा बघायचे. त्या दिवशी लिहायला आकडा नव्हता, म्हणून नजर वेळेवर गेली.

पहिले आठ दिवस सात, सात, सात, एकदा सात वाजून एक. नवव्या दिवशी सात वाजून चार. अकराव्या दिवशी सात वाजून सात. चौदाव्या दिवशी अकरा मिनिटं. सोळाव्या दिवशी सतरा. एकोणिसाव्या दिवशी सात वाजून बावीस. तू आल्याशिवाय वाचायचं नाही असा माझा नियम होता, त्यामुळे प्रत्येक वेळ ही तुझी वर पोचण्याची वेळ आहे. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: "फिलो उशिरा. कारण फोन." "फिलो उशिरा. फोन." "पुन्हा उशिरा." तुझ्या हातात फोन असायचा हे खरं, दारात येताना तू तो बंद करायचीस. सोळाव्या दिवशी मी कचरा टाकायला खाली निघाले तर तू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसलेली. मी विचारलं काय झालं, तर पायातली चप्पल काढून दाखवलीस. "पट्टा निघाला गो." मी वहीत लिहिलं: "चप्पल."

आणि त्याच दिवशी वर आल्यावर तुला ऐकवलं होतं, "सात म्हणजे सात, फिलो. वेळ हलली तर नोंदीला अर्थ राहत नाही."

सत्तावीस वर्षं मी पाण्याचे आकडे लिहिते. कुठे पाव टक्का हलला तरी माझं पेन थांबतं, मी वर कळवते, पुन्हा नमुना मागवते. इथे चढत जाणारा आकडा मी अकरा दिवस स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्यातला एकही वाचला नाही.

शेरल दुसऱ्या दिवशी मस्कतहून आली. तुझी मुलगी नर्स आहे, त्यामुळे डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं. दफनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तुझ्या स्वयंपाकघरातले डबे रिकामे करत होतो. मसाल्याची बाटली हातात धरून तिने विचारलं, "सुलूआंटी, मम्मी रोज तुमच्याकडे यायची ना? तिला धाप लागायची का? खरं सांगा."

मी म्हटलं, "नाही गं. तशी ठीकच होती."

एवढं सहज आलं तोंडातून. तिने मान हलवली आणि बाटली पुसायला घेतली. मी वर येऊन बसले. आयुष्यात मी आकडा खोटा लिहिला नाही, साहेबांनी सांगितलं तेव्हाही नाही. आणि तुझ्या मुलीला, तुझ्याच ओट्याशी उभी राहून, जे मला दोन दिवसांपूर्वी कळलेलं होतं ते नाही म्हणून सांगितलं.

त्याच संध्याकाळी मी टेबलावर राहिलेल्या तुझ्या मनुका बरणीत टाकल्या. मोजल्या नाहीत. दोन दिवसांनी आकडा हलला. आता तो मनुकांनी हलला की मी बरणी हलवली होती त्याने, ते कधीच कळणार नाही. तू म्हणाली असतीस, कळून काय करायचंय? मला करायचं होतं, फिलो. मला एवढं तरी कळायला हवं होतं.

मधले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. मी शेरलला दोन वेळचा डबा देत होते. डबा भरताना तुझी आठवण यायची. माझे वडील गेले तेव्हा आमच्याकडे सुतकाचे दहा दिवस चूल पेटत नव्हती, आणि तू दारात कागद-पेन्सिल घेऊन उभी होतीस: "कांदा चालतो? लसूण? हिंग? हळद तरी चालते ना गो, का ती पण नाय?" दहा दिवस मासळी सोडून तू आमच्यासाठी खिचडी आणि दुधीची भाजी केलीस, आणि दुधी तुला अजिबात आवडत नाही हे मला वर्षभराने कळलं. तेव्हाही तू सांगितलं नव्हतंस. तुझी ही सवय मला माहीत होती. माहीत असून मी चप्पल लिहिलं.

चर्चमध्ये सातव्या दिवसाचा मिस्सा झाला. शेरलचं विमान तीन दिवसांनी होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी वही घेऊन खाली उतरले. उतरताना पायऱ्या मोजल्या, सत्तावन्नच आहेत. ती बॅग भरत होती. मी म्हटलं, "शेरल, मी तुला खोटं सांगितलं. बस जरा."

तिने वही घेतली. नर्स असल्यामुळे रकाने वाचायची तिला सवय आहे; तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. बोट वेळेच्या रकान्यावरून खाली नेत गेली, नवव्या दिवसाशी थांबली, मग शेवटपर्यंत. मी तिच्या रागाची वाट बघत होते. राग आला असता तर बरं झालं असतं.

तिने उशीखालून फोन काढला.

"आंटी, मम्मी मला आधी आठवड्यातून दोनदा फोन करायची. मग अचानक रोज करायला लागली. मला इतकं बरं वाटायचं. वॉर्डमध्ये सगळ्यांना सांगायचे, मम्मीला माझी आठवण येते रोज."

तिने फोनची यादी उघडली आणि वहीशेजारी ठेवली. मस्कत आपल्या दीड तास मागे. तिच्या फोनने इथे आल्यावर सगळ्या वेळा इथल्या करून ठेवल्या होत्या, नाहीतर मी तेवढी बेरीज करत बसले असते. नववा दिवस: फोन सहा अठ्ठावन्नला, सहा मिनिटं. माझ्याकडे सात वाजून चार. चौदावा: सहा अठ्ठावन्न, तेरा मिनिटं. माझ्याकडे सात अकरा. एकोणिसावा: सहा अठ्ठावन्न, चोवीस मिनिटं. सात बावीस. रोज सहा अठ्ठावन्नला तू पहिल्या पायरीवर पाय ठेवत होतीस. त्यात एक मिनिटाचाही फरक कधी केला नाहीस.

"बोलताना मध्येच गप्प व्हायची," शेरल म्हणाली. "मी म्हणायचे, मम्मी, नेटवर्क जातंय तुझं. ती म्हणायची, हो गो, जिन्यात जातं."

सोळाव्या दिवसाशी मात्र मेळ बसेना. फोन फक्त नऊ मिनिटांचा, आणि माझी वेळ सतरा. शेरलने कपाळावर हात ठेवला, मग तिला आठवलं. "त्या दिवशी तिने मध्येच ठेवला. 'सुलू आली' म्हणाली आणि ठेवला."

मी शेऱ्यावर बोट ठेवलं. तिने वाचलं: चप्पल. तिला एकदम हसू आलं, तोंडावर हात दाबला तरी थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. अकरा ओळी होत्या, अकराही जुळल्या. माझ्या कामात ताळा जुळला की माणूस वही मिटतो आणि घरी जातो. आम्हाला तिथून उठता येईना.

तिने डोळे पुसले. आवाज साधा होता, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला विचारावा तसा. "आंटी, तिने सांगितलं असतं, की सुलू, मला चढवत नाही, तर तुम्ही बरणी खाली आणली असती ना?"

मी म्हटलं, "हो."

लगेच म्हटलं. तिने मान हलवली, माझा हात दाबला आणि बॅगेची चेन ओढायला वळली. ती काल गेली.

फिलो, मी हो म्हटलं ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही. मी कागद काढला असता, असं वाटतं. तापमान पुन्हा तीन दिवस मोजू म्हटलं असतं. बावीस वर्षं तू मला ओळखत होतीस, तुला ते माझ्यापेक्षा आधी माहीत असणार. म्हणूनच तू विचारलं नाहीस.